घोडीचं पडणं तेवढं खरं

सातवाहन सैनिकाच्या दंडावर देवीची लस टोचल्याची खूण नसते.

हे वाक्य मी एका सिनेमाच्या दिग्दर्शकाला कागदावर लिहून दिलं होतं. त्यानं ते वाचलं, मला खालून वर न्याहाळलं आणि विचारलं, "मग काय करू? सगळ्यांचे दंड कापू?" आजूबाजूचे हसले. मी हसलो नाही. दोन हजार वर्षांपूर्वीची लढाई चालू आहे, समोर शेकडो माणसं भाले घेऊन उभी आहेत, आणि एकेकाच्या दंडावर सरकारी दवाखान्याचा शिक्का आहे! यात हसायचं काय?

या अंकाच्या संपादकांनी बजावलंय, "कामाबद्दल लिहा, पण पत्रक काढल्यासारखं लिहू नका." प्रयत्न करतो. पण मी लिहायला शिकलो तो पत्रकांवरच. नव्वदचं दशक सरत आलं होतं, कॉलेज नुकतंच सुटलं होतं. जुन्नरमध्ये आमच्या मंडळाचे आम्ही पाचसहा जण एका छापखान्याच्या मागच्या खोलीत जमायचो आणि इतिहासाच्या नावाखाली कुणी काही खपवलं की दुसऱ्या दिवशी एसटी स्टँडवर पत्रकं वाटायचो. लढायांच्या सिनेमांवर आमचा विशेष राग. आमच्या एका पत्रकाचा मथळाच होता, 'पुरावा दाखवा, नाहीतर पडदा पाडा!' हे पत्रक मी थेटराच्या दारात उभा राहून तिकीट काढलेल्या माणसांच्या हातात द्यायचो. लोक ते घ्यायचे आणि शेंगदाणे बांधायला वापरायचे.

असंच एक पत्रक मुंबईच्या एका सिनेमा कंपनीच्या मॅनेजरच्या हातात पडलं. कंपनी आमच्या भागात सातवाहन आणि क्षत्रप यांच्या लढाईचा सिनेमा करायला आली होती. मॅनेजर हुशार. बोंबलणाऱ्याला गप्प करायचं तर त्याला खुर्ची द्यावी, हे त्याला कळत होतं. त्यानं मला बोलावून सांगितलं, "तुम्ही आमचे इतिहास सल्लागार. चूक दिसली की सांगायचं." मला वाटलं, जग बदलायला निघालोय. मंडळातल्या मित्रांना वाटलं, मी विकला गेलो. दोन्ही समजुती महिनाभरात खोट्या ठरल्या.

हे काम काय असतं ते सांगतो, कारण लोकांना वाटतं सल्लागार म्हणजे जाडजूड ग्रंथ काखेत घेऊन तारखा सांगणारा माणूस. तारखा कुणी विचारत नाही. हे काम डोळ्यांचं आहे. कॅमेऱ्याच्या मागे उभं राहायचं आणि चौकटीत जे जे दिसतं ते ते त्या काळात होतं का, एवढंच बघायचं. मनगटावर घड्याळाचा पांढरा पट्टा राहिलाय का. पायात स्लिपर आहे का. धोतराला मिलची किनार आहे का. मागच्या बांधावर फड्या निवडुंग आहे का. तो आला समुद्रापलीकडून, फार पुढे. घाणेरीचं तेच, निलगिरीचं तेच. मका, मिरची, टोमॅटो, बटाटा, यातलं काही म्हणजे काही तेव्हा इथं नव्हतं. आणि शूटिंग कुठं? जुन्नर आणि आंबेगावच्या सीमेवरच्या पठारावर, जिथं नजर जाईल तिथं बटाटा! सम्राटाची सेना बटाट्याच्या सऱ्या तुडवत येतेय आणि मागून भीमाशंकरला जाणारी लाल एसटी धूळ उडवत जातेय.

"एसटी गेली की घेऊ," दिग्दर्शक म्हणायचे. त्यांना सगळे साहेब म्हणत, मीही म्हणायचो.

"आणि बटाटा?"

"बटाट्याचं झाड ओळखणारा प्रेक्षक माझा सिनेमा बघत नाही."

मी म्हणालो, "साहेब, या दोन तालुक्यांत दुसरा प्रेक्षकच नाही."

ते हसले. साहेब वाईट माणूस नव्हते, हे लिहिलं पाहिजे. जेवताना मला शेजारी बसवायचे. मी सांगेन ते शांतपणे ऐकायचे. आणि त्यातलं काहीही करायचे नाहीत. राजाच्या अंगात चकचकीत चिलखत आणि डोक्यावर तुऱ्याचं शिरस्त्राण. मी लेण्यांतल्या कोरीव कामाचे फोटो आणून दाखवले. त्या काळचा योद्धा उघड्या अंगाचा, कमरेला धोतर, डोक्याला मोठी गाठ मारलेलं पागोटं, हातात धनुष्य नाहीतर भाला. साहेबांनी फोटो पाहिले आणि हळूच म्हणाले, "आमच्या हीरोचं पोट बघितलंस का? ते उघडं टाकू?" वाकडी तलवार काढा म्हटलं, सरळ द्या. म्हणाले, भाड्यानं हीच मिळते. लोखंडी रिकीब काढा म्हटलं, तेव्हा स्वाराला पाय ठेवायला फारतर दोरीचं कडं असेल. म्हणाले, रिकीब काढली तर हीरो घोड्यावर चढणार कसा, तू खांदा देणार का?

शत्रूवरून तर मी भांडलोच. क्षत्रपांच्या फौजेसाठी पश्चिमेच्या डोंगरातली, भात-नाचणी पिकवणारी माणसं निवडली होती. का, तर सावळी म्हणून. वर अंगाला काजळी फासली, गळ्यात हाडांच्या माळा घातल्या. अरे, क्षत्रप परदेशातून आलेले! राज्यकर्ते, व्यापारावर जकात घेणारे. त्यांच्या मंत्र्यानं कोरवलेला लेख आमच्या जुन्नरच्या डोंगरात आजही आहे आणि त्यात काय लिहिलंय? पाण्याचं टाकं आणि मंडप दान दिल्याचं! ज्यानं आपल्याला पाणी पाजलं त्याला तुम्ही राक्षस करता, आणि राक्षसाचं सोंग द्यायला आमचाच डोंगरातला माणूस पकडता?

हे मी मोठ्यानं बोललो. काजळी फासलेला एक म्हातारा खाली बसून तंबाखू मळत होता. तो म्हणाला, "ऱ्हाऊ द्या वो पत्रकवाले. आमाला हरायचीच सवं हाय. निदान हितं जेवान तरी हाय."

 सगळा परिसर मला 'पत्रकवाले' म्हणायचा. त्यात माया होती की टिंगल, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

आता पाखरीकडे येतो. हा लेख खरं तर तिच्यासाठीच लिहितोय.

कंपनीनं शहरातून घोडे आणले होते. दिसायला उमदे, पण आमच्या मुरमाड चढावर ते पाऊल टाकेनात. मग मॅनेजरनं गावात विचारलं आणि किसनभाऊ त्यांची घोडी घेऊन आले. किसनभाऊ म्हणजे पठारावरचा बटाट्याचा शेतकरी, बोलायला कमी, आणि बैलगाडा शर्यतीचा वेडा. आमच्याकडे जत्रेत बैलगाडे पळतात. ज्या चढाच्या पट्टीवर पळतात तिला घाट म्हणतात, आणि गाड्याच्या एका धावेला बारी. बैलांच्या पुढे एक घोडी पळते, वर स्वार. तिनं थांबायचं नाही, वळायचं नाही, मागं बघायचं नाही. निशाण पडलं की सरळ घाटाच्या माथ्यापर्यंत. बैल तिच्या ईर्ष्येनं पळतात. पाखरी ही अशी घाटाची घोडी. कबऱ्या रंगाची, शहरातल्या घोड्यांपेक्षा हातभर बुटकी. घाटावर तिचं नाव पुकारलं की माणसं फेटे उडवायची. किसनभाऊंच्या घरी चुलीवरची पहिली भाकरी तिची. ती खाल्ल्याशिवाय घरातलं कुणी ताटावर बसत नसे.

मॅनेजर म्हणाला होता, "हीरोचा डुप्लिकेट वर बसेल. फक्त पळायचं."

किसनभाऊ म्हणाले, "पळायचं आसंल तर तिला सांगायला लागत न्हाई."

आणि खरंच, पहिल्या दिवशी ती जी पळाली, त्यानं सगळं युनिट उभं राहिलं. सातवाहनांकडे अशी घोडी असती तर क्षत्रप उज्जैनपर्यंत परतले असते, असं मी साहेबांना म्हणालो. माझं त्यांनी मनापासून मान्य केलेलं हे एकमेव वाक्य.

दुसऱ्या दिवशी सकाळी लढाईचा मुख्य प्रसंग होता. दोन्हीकडच्या फौजा उभ्या राहत होत्या. या गर्दीला आवरायला कंपनीनं बाळूशेठला ठेवलं होतं. बाळूशेठ घाटावरचा निवेदक. जत्रेत माइकवर बारी पुकारतो तो. दोन तालुक्यांतली सगळी माणसं त्याच्या आवाजाला बांधलेली. साहेब 'मागे सरका' म्हणाले की कुणी हलत नसे. बाळूशेठ म्हणायचा, "ये क्षत्रपाच्या बारक्या फौजा, जरा बांधाच्या आत या, न्हाईतर आज जेवणात फक्त कांदा!" की फौज बांधाच्या आत.

मी नेहमीसारखा दंड तपासत हिंडत होतो. लस टोचलेल्यांना मागच्या रांगेत पाठवणं, एवढा एक अधिकार मी मिळवला होता. मैदानाच्या मधोमध मला फाइट मास्टर खाली बसलेले दिसले. मारामारी, उड्या, पडापडी त्यांच्या हाताखाली. त्यांचा माणूस मुरूम उकरून तिथं बारीक वाळू पसरत होता. शेजारी एक लोखंडी खुंटी जमिनीत पार डोक्यापर्यंत ठोकलेली. खुंटीला बारीक पोलादी तार. आणि तारेच्या टोकाला चामड्याचे दोन पट्टे, माणसाच्या मनगटाला बसतील एवढे.

मी विचारलं, "हे काय?"

त्यांनी हातातलं काम न थांबवता, एखादा सुतार चौकट समजावून सांगतो तसं सांगितलं. हे पट्टे घोड्याच्या पुढच्या दोन पायांना. तार एवढी लांब. घोडा सुटतो, तार सरते. तार संपली की पुढचे पाय जागेवर, बाकीचा घोडा पुढे. "तब गिरता है. एकदम असली लगता है. लडके को चोट नहीं आएगी, रेती डाली है ना."

"आणि घोडीला?"

"जादातर घोडे फिर काम पे आ जाते हैं."

"बाकीचे?"

त्यांनी बिडी पेटवली आणि वाळू नीट करायला लागले.

मी बरंच वाचलं होतं. लढायांत हत्ती कसे बिथरवत, घोड्यांच्या शिरा कशा तोडत, हेही वाचलं होतं. पण असं समोर उन्हात बसून, शांतपणे, पट्ट्याला तेल लावून मऊ करत... मास्टर पट्टा मऊ करत होते, कारण घोडीच्या कातड्याला काच नको!  मी साहेबांकडे पळतच गेलो. सगळ्यांसमोर विचारलं, "साहेब, किसनभाऊंना हे सांगितलंय?"

"मॅनेजरनं बोलून घेतलं असेल."

"तिचे पाय मोडतील."

"मोडणार नाहीत. आणि हे बघ," साहेब माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "महिनाभर माझ्या डोक्याशी खरं खरं करतोयस. लढाईत घोडे पडायचे ना? खरं ना हे? मग आज तुझ्या मनासारखं खरं दाखवतोय."

मी जागच्या जागी उभा राहिलो. रिकीब खोटी, तलवार खोटी, राजा खोटा, शत्रू खोटा, मागचा बटाटासुद्धा खोटा. आणि घोडीचं पडणं तेवढं खरं! सगळ्या सिनेमात खरं दाखवायला यांना एवढी एकच जागा सापडली. ज्या शब्दासाठी मी पत्रकं वाटली, मार खाल्ला, घरात बोलणी खाल्ली, तो शब्द त्यांनी उचलला आणि त्याची तार केली.

मी किसनभाऊंना शोधलं. ते चहाच्या टेबलामागे उकिडवे बसले होते.

"किसनभाऊ, पाखरीला न्या इथून. ते तिला पाडणारेत. पायाला तार बांधून."

त्यांनी बशीतला चहा संपवला. "आवो पत्रकवाले, तुमी लई भडकता. काल तुमी त्या पोराच्या आंगठीवरनं भांडला. मग झाडावरनं. तार कॅमेऱ्याची आसंल. त्यांच्यात लई तारा आसत्यात."

"मी डोळ्यांनी पाहिलं. चला."

ते उठले ते मला बरं वाटावं म्हणून. मैदानाच्या कडेला आले, तोवर डुप्लिकेट पाखरीवर चढला होता, आणि फाइट मास्टरचा माणूस तिच्या पुढच्या पायाशी बसून दुसरा पट्टा आवळत होता. पाखरी खाली मान घालून त्याचे केस हुंगत होती.

 किसनभाऊ एकदम मैदानाभोवतीची दोरी ओलांडून आत घुसले. कंपनीच्या दोघांनी त्यांना धरलं. मॅनेजर आला. "अहो भाऊ, बोलणं झालंय आपलं. आजचा दिवस घोडी सिनेमाची."

"पळायचं बोलणं झालं व्हतं! पडायचं न्हाई!"

"पळणारच आहे ना ती."

किसनभाऊंनी हात जोडले. हे मला अजून बघवत नाही. घाटावर ज्याच्या घोडीला लोक फेटे उडवायचे, तो माणूस टेरिकॉटचा शर्ट घातलेल्या त्या पोरसवदा मॅनेजरला हात जोडत होता. "सायेब, तिला थांबायचं ठाव न्हाई वो. तिला शिकिवलंच न्हाई. ती पुरी जोरात जाईल." त्यांना दोरीच्या बाहेर ओढत नेलं. समोर कॅमेरे लागले. साहेब खुर्चीवर बसले. त्यांनी हात वर केला की बाळूशेठनं माइकवरून 'सोडा' म्हणायचं, असं ठरलेलं.

मला वेळ फार नव्हता. निवेदन लिहिण्याची, शिष्टमंडळ नेण्याची, घोषणा देण्याची, आम्हाला येणारी एकही गोष्ट त्या वेळी उपयोगाची नव्हती. मी बाळूशेठच्या मचाणाकडे पळालो. चार फळ्यांचं मचाण, वर तो, माइक आणि भोंगा.

खालून ओरडलो, "बाळूशेठ, पाखरीच्या पायाला तार बांधलीय. मधल्या वाळूवर पाडणारेत तिला."

"कुणाला? पाखरीला?"

"बघा की खाली!"

त्यानं डोळ्यांवर आडवा हात धरून पाहिलं.  तिकडे साहेबांचा हात वर गेला. सगळं पठार शांत झालं. फौजा बाळूशेठच्या तोंडाकडे बघत होत्या. पाखरीचे कान उभे.

बाळूशेठनं माइक तोंडाशी धरला आणि ओरडला, "बारी बाद! बारी बाद! मंडळी, घाट मोकळा न्हाई! घोडी धरा! पाखरी धरा!"

जो कधी बैलगाड्याच्या घाटावर गेलेला नाही, त्याला यातलं काय ते कळणार नाही. बारी बाद झाली की एकही माणूस जागेवर उभा राहत नाही. काय झालं, कुणाचं चुकलं, बैल आडवा गेला की निशाण आधी पडलं, हे बघायला आणि भांडायला दोन्ही बाजूंची सगळी गर्दी घाटात उतरते. कुणाला सांगावं लागत नाही. पायच उतरतात. तशा दोन्ही फौजा उतरल्या. क्षत्रप धावले, सातवाहन धावले. भाले टाकले, ढाली टाकल्या. काजळी फासलेली डोंगरातली माणसं आणि पागोटी घातलेली पठारावरची माणसं एकाच लोंढ्यात मैदानाच्या मधोमध येऊन पाखरीभोवती दाटली. डुप्लिकेट घाबरून खाली उतरला. कुणीतरी तिचा लगाम धरला. तोच तंबाखूवाला म्हातारा खाली बसला आणि दातांनी पट्ट्याची गाठ सोडायला लागला.

"कट! कट! अरे काय चाललंय! त्यांना बाजूला घ्या!" साहेब ओरडत होते.

"मंडळी, गडबड करू नका, घोडीला वारा लागू द्या!" इकडे बाळूशेठ भोंग्यावरून. "बारी पुन्हा न्हाई! पंचांचा निर्णय झालेला हाय!"

"कोण पंच? तुला कुणी सांगितलं?" साहेब मचाणाखाली आले होते.

बाळूशेठनं माइक बंदसुद्धा केला नाही. "सायेब, तुमच्या गावात तुमचा शब्द. घाटावर निवेदकाचा शब्द शेवटचा. निशाण कुणाच्या बी हातात आसू द्या."

सगळ्या पठारावर हशा झाला. किसनभाऊ दोरीखालून आत शिरले होते. ते पाखरीच्या पुढच्या पायांवरून वरून खाली हात फिरवत होते, पुन्हा पुन्हा, गुडघ्यापासून खुरापर्यंत. तार तिथंच वाळूत पडलेली. आमच्यातला जो तो येऊन ती बघून जात होता आणि बघितल्यावर हसू थांबत होतं. एक जण म्हणाला, "ही तर सशाला फासकी लावत्यात तशी हाय की राव." 

मला तिथल्या तिथं काढून टाकलं. मॅनेजर म्हणाला, "तुम्हाला इतिहासासाठी ठेवलं होतं, घोड्यांसाठी नाही." कंपनीनं उरलेली लढाई दुसरीकडे कुठंतरी उरकायचं ठरवलं आणि गाशा गुंडाळला. मी एका सरकारी कचेरीत तक्रार घेऊन गेलो, तर तिथले गृहस्थ विचारतात, "घोडीला इजा झाली का? नाही ना? मग तक्रार कशाची?" म्हणजे पाय मोडल्यावर यायचं! आधी आलात तर तुम्ही उतावळे, नंतर आलात तर उशीर झाला!

त्यानंतरही मी हे काम केलं, अजूनही करतो. दोनतीन मालिका, एक नाटक, शाळांची संमेलनं. हल्ली कुणी बोलावलं तर दंड आणि रिकीब नंतर बघतो. आधी जमीन बघतो. कुठं माती उकरून मऊ केलीय का, कुठं खुंटी पुरलीय का. मला लोक म्हणतात, हा इतिहासाचा माणूस, खाली बघत काय चालतो? चालतो खाली बघत. इतिहासाची पुस्तकं लिहिणाऱ्यांनीही जरा बघत जावं. राजा किती लढाया जिंकला ते आम्हाला पाठ असतं. त्याच्या खाली किती पाय मोडले ते एकाही शिलालेखात नाही.

पुढच्या वर्षी सिनेमा जुन्नरला लागला. दुपारचा खेळ. दोन्ही तालुके लोटले होते, कारण जो तो स्वतःला बघायला आलेला. किसनभाऊ आणि मी शेजारी शेजारी बसलो होतो. पुढच्या रांगेत बाळूशेठ. पाट्या सुरू झाल्या आणि माझं नाव आलं! 'इतिहास सल्लागार'. काढून टाकलेल्या माणसाचं नाव, कशाला, तर आमच्या मंडळानं पत्रक काढू नये म्हणून.  थेटरात टाळ्या पडल्या. मागून कुणी ओरडलं, "पत्रकवाले, लई भारी!"

मग पठार आलं, बटाटा आला. "ये, त्यो बघ संप्या! संप्या मेला बघ!" प्रत्येक मरणाऱ्याला शिट्टी पडत होती. आणि लढाईच्या मधोमध पडदा बदलला. डोंगर आमचे नव्हते. मातीही तांबडी. तुऱ्याचं शिरस्त्राण घातलेला स्वार तांबूस घोडीवरून भरधाव येत होता. घोडी जवान होती, मान ताठ, तिला पळायला आवडत होतं हे दिसत होतं. आणि एकाएकी तिचे पुढचे दोन्ही पाय एकाच क्षणी मागे ओढले गेले. भाला लागलेला घोडा असा पडत नाही. बाण लागलेलाही नाही. तोंड जमिनीवर आपटलं, मान खाली दुमडली, मागचं अंग वरून पलटी होऊन आलं.

थेटरात शिट्ट्यांचा पाऊस पडला. जी माणसं भाले टाकून पाखरीकडे धावली होती, त्यांनीच शिट्ट्या मारल्या. पुढच्या रांगेतून बाळूशेठच्या तोंडून "भिर्रर्र!" निघून गेलं, घाटावर निघतं तसं, आणि मध्येच तुटलं. त्यानं मागं वळून आमच्याकडे पाहिलं.

किसनभाऊंनी माझं मनगट धरलं होतं.

"आपली न्हाई ही."

"नाही."

"मग कुणाची?"

"माहीत नाही, भाऊ."

पडद्यावर राजा कधीच उठला होता. चिलखताला धूळसुद्धा नव्हती. कॅमेरा त्याच्या तोंडावर होता आणि तिथून हलायला तयार नव्हता. किसनभाऊ खुर्चीत वाकून, एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे, राजाच्या पाठीमागे बघायचा प्रयत्न करत होते.

"पत्रकवाले," ते म्हणाले, "ती उठली का वो?"